गुरुजींचा रक्तदाब आणि घरचा संगणक

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक तपासणीसाठी माझ्याकडे आले. वय चौऱ्याहत्तर. कित्येक वर्षे एकाच गोळीवर स्थिर असलेला त्यांचा रक्तदाब त्या दिवशी १७०/१०० भरला. झोप नाही, अन्नावर वासना नाही, फोन वाजला की छातीत धडधडते. जेवणात मीठ वाढले का, गोळी चुकली का, घरात काही कुरबूर झाली का, हे माझे नेहमीचे प्रश्न विचारून झाले. गुरुजी प्रत्येक वेळी नकारार्थी मान हलवत राहिले. काकू औषधे आणायला खाली गेल्या, तेव्हा त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "डॉक्टर, आपल्या कॉम्प्युटरमधलं सगळं कोणी बघत असेल, तर ते कळतं का हो?"

आरोग्याच्या पाक्षिकात संगणकाचा विषय कशाला, असे आपल्याला वाटेल. मलाही त्या दिवसापर्यंत तसेच वाटत होते.

घडले ते असे. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी गुरुजींना मराठीत लेख टंकलिखित करायचा होता. त्यांनी 'मोफत मराठी टायपिंग' असा शोध घेतला. उघडलेल्या पानावर तीन-चार हिरवी 'डाउनलोड' बटणे होती आणि त्यांतले सर्वांत ठळक बटण नेमके जाहिरातीचे होते. पुढे प्रत्येक खिडकीत 'नेक्स्ट' दाबत गेल्यामुळे, आधीच खुणा केलेल्या चौकटींना त्यांची संमती आपोआप मिळाली. मराठी अक्षरे उमटू लागली खरी. पण त्यासोबत ब्राउझरचे पहिले पान बदलले आणि कोपऱ्यातून जाहिराती उगवू लागल्या. दोन दिवसांनी अख्खा पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि मजकूर झळकला: आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे, संगणक बंद करू नका, या क्रमांकावर त्वरित संपर्क साधा. गुरुजींनी फोन केला. पलीकडच्या अत्यंत अदबशीर 'इंजिनिअर'ने आणखी एक प्रोग्राम उतरवून घ्यायला लावला आणि दूर बसून तो गुरुजींच्या पडद्यावरचा बाण फिरवू लागला. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून त्याने लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली आणि दुरुस्तीचे नऊ हजार रुपये घेतले.

ही यादी कोणत्याही धडधाकट संगणकात असते. संगणक आपल्या बारीकसारीक अडखळण्यांची ती नोंद ठेवत असतो. रक्ततपासणीच्या अहवालात एखाद्या आकड्यापुढे फुली दिसली म्हणून कोणी आपल्याला थेट शस्त्रक्रियेला न्यावे, तसा हा प्रकार. सर्वांत वाईट वाटते ते याचे, की त्या डाउनलोडची गरजच नव्हती. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्यातील अद्यतनापासून मराठीचा फोनेटिक कळफलक मुळातच दिलेला आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो फक्त जोडून घ्यायचा असतो.

गुरुजींच्या संगणकात प्रथम शिरले ते ॲडवेअर, म्हणजे जाहिराती दाखवून पैसे मिळवणारा प्रोग्राम. तो निदान दिसतो तरी. स्पायवेअर मात्र निमूटपणे काम करते. आपण दाबलेली प्रत्येक कळ, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, स्कॅन करून ठेवलेले आधार कार्ड नि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे ते बाहेर पाठवू शकते. लक्षण नाही म्हणजे आजार नाही, हे रक्तदाबाच्या रुग्णाला सांगून आम्ही थकतो. येथेही तेच लागू आहे. आणि ॲडवेअर तरी निरुपद्रवी कसे म्हणावे? माझ्या एका रुग्ण बाईंनी अशाच उगवत्या खिडकीतील 'मधुमेह मुळापासून' या जाहिरातीला भुलून तीन आठवडे गोळ्या बंद ठेवल्या होत्या. त्यांची साखर पूर्ववत व्हायला दोन महिने लागले.

उपाय अवघड नाहीत. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा संरक्षक प्रोग्राम आधीपासून असतो. घरच्या वापराला तो पुरेसा आहे. शेजाऱ्याने सांगितले म्हणून त्याच्या जोडीला आणखी दोन अँटिव्हायरस बसवू नयेत. दोन डॉक्टरांकडून एकाच जातीची दोन वेदनाशामके घेण्यासारखे ते होईल. अद्यतने येत असतील तेव्हा ती होऊ द्यावीत. विंडोज १० चा नियमित पाठिंबा कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे. त्यामुळे जुन्या संगणकावर बँकेचे व्यवहार करत असाल, तर मुलांशी एकदा बोलून घ्यावे. एखादे संकेतस्थळ सूचना पाठवण्याची परवानगी मागू लागले, तर 'अलाऊ' नव्हे, 'ब्लॉक' दाबावे. कोपऱ्यात येणारे 'विषाणू सापडला' असे इशारे पुष्कळदा पूर्वी दिलेल्या अशाच परवानगीतून आलेले असतात आणि ब्राउझरच्या सेटिंगमधील 'नोटिफिकेशन्स'मध्ये जाऊन ती काढून घेता येते. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनेही उपलब्ध आहेत.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो उपाय फारच थोड्या घरांत केलेला दिसतो. रोजच्या वापरासाठी 'स्टँडर्ड' खाते ठेवावे आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर'चे खाते वेगळ्या पासवर्डने राखावे. मग संगणकात मोठा बदल करू पाहणारा प्रोग्राम तो पासवर्ड मागतो आणि हात क्षणभर थांबतो. हा पासवर्ड दोघांनी मिळून ठरवावा. मुलाने तो परस्पर बदलून वडिलांना कळवूही नये, हे मला मान्य नाही.

लाल पडदा आलाच तर फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीही नसतो. 'एस्केप' कळ काही क्षण दाबून धरावी किंवा 'आल्ट' आणि 'एफ ४' एकत्र दाबावे. काहीच जमले नाही तर बंद करण्याचे बटण दाबून धरावे. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर आधीची पाने उघडू का, असे ब्राउझरने विचारल्यास नकार द्यावा. कोणी दूरस्थपणे आत शिरलाच असेल, तर आधी इंटरनेट तोडावे, म्हणजे राउटरचे बटणच बंद करावे. मग बँकेला कळवावे. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर जितक्या लवकर तक्रार जाईल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक. पासवर्ड बदलावेत, पण दुसऱ्या उपकरणावरून. त्याच संगणकावर बदललेला पासवर्डही चोराच्या हाती जाऊ शकतो. संगणक जाणकाराकडून स्वच्छ करून घेतल्याशिवाय बँकेसाठी वापरू नये.

आता शुश्रूषा करणाऱ्यांसाठी थोडे. गुरुजींनी अकरा दिवस ही गोष्ट घरात कोणालाही सांगितली नाही. नऊ हजार गेले यापेक्षा मुलगा काय म्हणेल, याचीच त्यांना धास्ती होती. "बाबा, तुम्हाला कितीदा सांगितलं!" हे वाक्य ज्या घरात सहज उच्चारले जाते, तेथे पुढची फसवणूक अधिक दिवस लपून राहते. अकारण चढलेला रक्तदाब, उडालेली झोप, फोनची दचक, बँकेचे पासबुक लपवणे, असे काही दिसले तर औषध बदलण्याआधी शेजारी बसून विचारपूस करावी.

त्या दिवशी मी गुरुजींची गोळी वाढवली नाही. त्यांच्या परवानगीने मुलाला फोन केला. तो संध्याकाळी आला, रागावला नाही, आणि राउटर बंद करून त्याने पहिला फोन बँकेला लावला. नऊ हजार परत मिळाले नाहीत. खाते मात्र वाचले. तीन आठवड्यांनी रक्तदाब १३८/८४ होता. संगणकाच्या कडेला आता एक कागद चिकटवलेला आहे: बँकेचा क्रमांक, मुलाचा क्रमांक आणि १९३०. खाली गुरुजींनी स्वतःच्या वळणदार अक्षरात चौथी ओळ घातली आहे: 'भोंगा वाजल्यास आधी चहा.' सुवर्णमहोत्सवी अंकाचा लेख मात्र त्यांनी शेवटी हातानेच लिहून दिला.