मुरमावरची हॉकी

खडकीच्या छावणीत, दारूगोळ्याच्या कारखान्यालगतच्या वसाहतीत आमचे बालपण गेले. तेथील मुलांसाठी हॉकीचे वर्ग कोणी काढले नव्हते. कुंपणाशी उभे राहून मोठ्यांचा खेळ न्याहाळावा, त्यांनी टाकून दिलेली मोडकी स्टिक मागून घ्यावी, तिच्या भेगेवर सुतळी करकचून आवळावी आणि दिवेलागणीपर्यंत मुरमाच्या मैदानाचा एखादा कोपरा अडवावा, हाच आमचा परिपाठ होता. मैदानाची निगा राखणाऱ्या कामगाराच्या घरी १९६८ साली खडकीत जन्मलेले धनराज पिल्ले असेच मोडक्या स्टिकवर हात बसवीत वाढले. संसार हलाखीचा असूनही त्यांच्या मातेने मुलांना खेळण्याची मुभा दिली. धनराज पुढे चार ऑलिंपिक व चार विश्वचषक खेळले आणि १९९८ साली बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघाचे कर्णधार होते.

हात बसणे हीच या खेळातील खरी विद्या. हॉकीच्या स्टिकची डावी बाजू तेवढी सपाट असते, गोल बाजूने चेंडू खेळण्यास नियमांची सक्त मनाई आहे, आणि डावखुऱ्यांसाठीही निराळी स्टिक नसते; त्यामुळे डावीकडचा चेंडू उजवीकडे ओढायचा तर स्टिक उलटी करावी लागते. मूठ फिरवायची ती वरच्या डाव्या हाताने. खालच्या उजव्या हाताने स्टिक सैलसर धरून आपल्यातून फिरू द्यायची. नवखे मूल नेमका उजवाच हात घट्ट आवळते. ही पकड उपदेशाने सुटत नाही. चार-पाच सवंगड्यांत, निकालाची धास्ती नसताना मनसोक्त खेळल्यानेच ती सुटते, म्हणून कोवळ्या वयात स्पर्धांचा ससेमिरा मागे लावणे मला सर्वथा अनुचित वाटते.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून वरच्या दर्जाची हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली, आणि तशी हिरवळ जवळपास नाही म्हणून अनेक पालक मुलाला हॉकीपासून परावृत्त करतात. वास्तविक आरंभाला कमरेइतक्या उंचीची स्टिक, नडगीचे पॅड आणि मोकळे मैदान पुरेसे आहे. मुरमावर वेडावाकडा उसळणारा चेंडू अडविताना नजर व मनगट दोन्ही तयार होतात. ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यात मुले बांबूची स्टिक करून खेळू लागतात. तेथील गावोगावच्या 'खस्सी' स्पर्धांत विजेत्या संघास बोकड मिळतो, आणि भारताचे कर्णधारपद भूषविणारे दिलीप तिर्की त्याच जिल्ह्यातील सौनामारा या खेड्यातून आले.