बिडी सुटली, तरी एलडीएल तेवढाच?

बिडी-सिगारेट सोडून तीन महिने झाले, की आपण हौसेने रक्त तपासतो आणि कोलेस्टेरॉलचा आकडा जवळपास होता तिथेच निघतो. मग जळगाव असो की धुळे, चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतंच, "काय उपयोग झाला भाऊ?" उपयोग झालेला असतो. तो कुठे, ते क्रमाने पाहू.

शेवटच्या झुरक्यानंतर वीसेक मिनिटांतच नाडी आणि रक्तदाब उतरू लागतात. पुढच्या काही तासांत कार्बन मोनॉक्साईड, म्हणजे रक्तात प्राणवायूची जागा अडवणारा धुरातला वायू, कमी होत जातो.

पहिले काही दिवस कठीण असतात. चिडचिड होते, झोप उडते. "दिवसाला एकच ओढतो" ही तडजोड इथेच होते. पण रोजच्या वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जितका जादा धोका वाढतो, त्याचा जवळपास निम्मा रोजच्या एकीनेही वाढतो.

दुसरी पळवाट मला जास्त घातक वाटते. बिडी जाते आणि खिशात तंबाखू-चुन्याची डबी येते. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. धूर नसला तरी निकोटीन रक्तात उतरतंच, आणि तंबाखू चघळणाऱ्यांनाही हृदयविकाराचा झटका जास्त येतो.

आता रिपोर्ट. एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, काही आठवड्यांत थोडं वाढतं. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, फारसं हलत नाही. खरी सुधारणा या कागदावर दिसतच नाही: रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सावरतं, रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती कमी होते. म्हणून एलडीएल पाहून कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने बंद करू नये, आणि बिडी पुन्हा पेटवू तर मुळीच नये.

जिभेला चव येते, भूक वाढते. वर्षभरात चार-पाच किलो वजन वाढणं नेहमीचंच. शेवभाजी सोडा असं खानदेशात कोण सांगणार? वरचा तर्रीचा तवंग बाजूला काढला तरी पुष्कळ. वजन वाढूनही सोडण्याचा फायदा जास्तच राहतो.

वर्षभराने हृदयविकाराचा जादा धोका जवळपास निम्म्यावर येतो.

तलफ आवरत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. आधी झटका येऊन गेला असेल, तर निकोटीनचं च्युइंगम घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.