जबड्याची शस्त्रक्रिया आणि सायनसचं दार

वरचा जबडा फार पुढे किंवा मागे असेल, दात एकमेकांवर बसत नसतील, तर नुसत्या तारांनी भागत नाही. हाड कापून जबडा योग्य जागी आणावा लागतो. या शस्त्रक्रियेला ‘ल फोर १’ म्हणतात. चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांवर तुटतात, हे फ्रेंच सर्जन रेने ल फोर यांनी १९०१मध्ये मृतदेहांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. आजचा छेद त्यातल्या सर्वांत खालच्या रेषेवर घेतात.

ही रेषा गालांमागच्या मॅक्सिलरी सायनसच्या भिंतींतून जाते. त्यामुळे शस्त्रक्रिया कितीही सफाईनं झाली, तरी सायनस उघडतोच.

मोठ्या माणसाच्या अशा एका पोकळीत सुमारे १५ मिलिलिटर हवा मावते. तिचं दार तळाशी नसून वर, छताजवळ असतं. अस्तरावरचे सूक्ष्म रोम आतला स्राव गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर ढकलत नेतात आणि काही मिलिमीटरच्या त्या छिद्रातून नाकात सोडतात. शस्त्रक्रियेनंतर पोकळीत रक्त साचतं, अस्तर सुजतं, रोमांचं काम मंदावतं. बहुतेकांचं हे आपोआप निवळतं. पण छिद्र बंदच राहिलं, हाडाचा सुटा तुकडा आत अडकला किंवा कापलेलं हाड जोडून ठेवणाऱ्या टायटॅनियमच्या पट्टीचा स्क्रू सैल झाला, तर साचलेल्या स्रावात जंतू वाढतात. जुना सायनसचा त्रास आणि धूम्रपान यांमुळे धोका वाढतो.

हा संसर्ग ओळखणं सोपं नसतं. सुरुवातीला चेहरा सुजलेला आणि नाक चोंदलेलं असतंच. त्यात गाल बधिर असल्यानं दुखणंही नीट जाणवत नाही. म्हणून एका नाकपुडीतून येणारा पिवळा-हिरवा स्राव, घशात उतरणारी घाण चव, दुर्गंधी, ओसरून पुन्हा वाढलेली सूज किंवा ताप, यांना सर्दी समजू नये. सीटी स्कॅननं कारण कळतं. औषधांनी भागलं नाही, तर दुर्बिणीतून दार मोकळं करता येतं, गरज पडल्यास पट्टीही काढता येते.

सर्जन परवानगी देईपर्यंत नाक शिंकरू नये, कारण त्या दाबानं हवा छेदातून गालाच्या पेशीजालात शिरू शकते. शिंक आली तर तोंड उघडं ठेवावं. आणि जुनी सर्दी किंवा नाकाचा वाकडा पडदा असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधीच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. दातांच्या मापांइतकीच ही तपासणीही तयारीचा भाग आहे.