हा कोळी नाही, माशी आहे!

मालवण किनाऱ्यावर उंडीच्या झाडाखाली सकाळी गर कुरतडलेल्या बिया पडलेल्या असतात. ही रात्रपाळी मोठ्या वाघळांची! पंख पसरले की मीटरभराहून लांब भरणारी ही फळखाऊ वाघळं दिवसा उंच झाडांवर उलटी लटकतात. मोठ्या लेन्सने काढलेला त्यांचा एखादा फोटो मोठा करून बघा. कधीकधी केसांत एक लांब तंगड्यांचा कोळी दिसतो.

कोळी? थांबा, आधी पाय मोजा! कोळ्याला आठ, याला सहाच. म्हणजे हा कीटक. मग ऊ असेल का? तिलाही पाय सहाच आणि पंख नसतातच. आता भिंग हवं. याच्या छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक इवलीशी गाठ आहे. हे संतोलक, म्हणजे माशीच्या मागच्या पंखांचं बदललेलं रूप. उडताना तोल सांभाळणं हे त्यांचं काम. याचे पुढचे पंख गेले, उडणं संपलं, संतोलक मात्र राहिले. तर ही चक्क माशी आहे, वाघूळमाशी!

दाट केसांत पंखांची अडचणच व्हायची. त्याऐवजी तिला घट्ट पकडणाऱ्या नख्या मिळाल्या आणि काट्यांची फणीसुद्धा. डोकं ती मागे दुमडून पाठीवर ठेवते. वाघळाचं रक्त प्यायचं झालं की पुढे काढते. दुसऱ्याच्या जिवावर जगणारी म्हणून ती परजीवी. ती अंडीही घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात पूर्ण वाढवते आणि मग बाहेर सोडते. त्या अळीचा लगेच कोष होतो.

आता हिची जात कशी ओळखायची? अनेक वाघूळमाश्या ठरावीक वाघळांवरच राहतात. आपल्या मोठ्या फळखाऊ वाघळावर सापडते ती सायक्लोपोडिया सायकेसी. दख्खनच्या सस्तन प्राण्यांची आणि पक्ष्यांची यादी 1831-32 मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या विल्यम सायक्स यांचं नाव तिला दिलं आहे. अगदी पक्की खात्री करायची तर तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली तिचे काटे आणि केस तपासतात. फोटोत तेवढं दिसत नाही.

तुम्हाला असा फोटो मिळाला तर तारीख आणि गाव लिहून ठेवा. वाघळाला हात मात्र लावायचा नाही, फोटो लांबूनच! आणि तज्ज्ञांना नुसतं ‘ही कोण?’ असं विचारू नका. ती कोणाच्या अंगावर बसली होती तेही सांगा. अर्धं उत्तर त्यातच असतं.