मग्दालीया मरीयेवरचा आळ

मोकळे केस, डोळ्यांत पाणी आणि जवळ सुगंधी तेलाची कुपी. युरोपातल्या जुन्या चित्रांत अशी स्त्री दिसली की ती बहुधा मग्दालीया मरीया, येशूच्या पायाशी आलेली पश्चात्तापदग्ध वेश्या. बायबल कधीही न उघडलेल्यांनाही ही ओळख ठाऊक असते. उघडलं, तर मात्र ती सापडत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, एक 'पापी' स्त्री येशूचे पाय आसवांनी भिजवते. तिचं नाव दिलेलं नाही, पाप कोणतं तेही नाही. मरीया येते ती आठव्या अध्यायात, नवी व्यक्ती म्हणून. तिच्यातून सात भुतं निघाली होती, आणि योहान्ना, सुसान्ना यांच्यासारखीच तीही पदरचे पैसे घालून येशू व त्याच्या शिष्यांचा खर्च चालवत होती. शुभवर्तमानांत भूत लागणं हे दुखणं आहे, चारित्र्यावरचा डाग नव्हे.

मग आळ आला कुठून? इ.स. 591च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात ही निनावी स्त्री, बेथानीची मरीया आणि मग्दालीया मरीया अशा तिघींची एकच मोट बांधली. सात भुतं म्हणजे सगळे दुर्गुण, असा अर्थही लावला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ही मोट कधी स्वीकारली नाही. पश्चिमेत ती इतकी रुजली, की आयर्लंडमध्ये 'पतित' ठरवलेल्या मुलींना डांबून फुकट राबवणारी धुलाईघरं मग्दालीयेच्या नावानं ओळखली गेली. त्यांतलं शेवटचं बंद झालं 1996 साली. चुकीच्या वाचनाची किंमत कोण मोजतं, ते इथे दिसतं.

चिकित्सा म्हणजे नास्तिकांचा उद्योग, हा समजही इथे टिकत नाही. या तिघी वेगळ्या आहेत असं 1517च्या सुमारास लिहिणारा फ्रेंच विद्वान लफेव्र देताप्ल हा श्रद्धावंत कॅथलिक होता. पॅरिसच्या धर्मपंडितांनी 1521मध्ये त्याचा निषेध केला. रोमनं 1969 साली मग्दालीयेच्या सणाचं वाचन बदललं, ते त्याच्याच दिशेनं.

आता उलटा गैरसमज: ती येशूची पत्नी होती आणि चर्चनं ते दडवलं. 'द दा विंची कोड' या कादंबरीनं 2003पासून तो घरोघरी नेला. आधार दाखवतात तो फिलिपच्या शुभवर्तमानाचा, जे 1945 साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलं. ते मरीयेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी रचलेलं. त्यात येशू तिचं चुंबन घेई असं येतं, पण कुठे, ते सांगणारा शब्द होता तिथेच पानाला भोक आहे! 'ओठांवर' हा संपादकांचा अंदाज. मला तर प्रवचनकार आणि कादंबरीकार एकाच माळेचे मणी वाटतात: स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या पायांनी येशूमागे चालणारी बाई दोघांनाही पुरेशी वाटली नाही.

येशूच्या कबरीपाशी पहाटे गेलेल्यांत तिचं नाव चारही शुभवर्तमानांत आहे. त्याआधी लिहिलेल्या पौलाच्या पत्रातल्या, उठलेल्या येशूच्या साक्षीदारांच्या यादीत मात्र एकाही स्त्रीचं नाव नाही. स्त्रियांच्या साक्षीला फारशी किंमत नसलेल्या समाजात असा प्रसंग कोण मुद्दाम रचेल, असं काही अभ्यासक विचारतात; इतरांना तो मागाहून घडलेला वाटतो. तिनं उठलेला येशू पाहिला का, याला इतिहासाच्या पद्धतीत उत्तर नाही. श्रद्धावंत योहानाचा विसावा अध्याय वाचतो, तिथे नावानं हाक ऐकताच ती त्याला ओळखते. मार्कच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत मात्र ती भेटच नाही. स्त्रिया थरथरत कबरीपासून पळतात, भीतीनं कुणाला काही सांगत नाहीत, आणि मजकूर तिथेच थांबतो.