जलरंगातले काजवे

मे महिना सरत आला, वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेले, की आमच्या इगतपुरीत एकच प्रश्न ऐकू येतो, "काजवे लागले का?" घोटीवरून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातले हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर रात्री लुकलुकायला लागतात. मोठा पाऊस सुरू झाला, की खेळ संपला. जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा मामला.

आम्ही काही चित्रकार दरवर्षी तिकडे जातो. परत आल्यावर विद्यार्थी विचारतात, की जलरंगात हा उजेड आणायचा कसा? आजचं व्याख्यान त्यावरच आहे.

आधी जलरंगाची अडचण समजून घेऊ. तैलरंगात अंधार आधी रंगवता येतो आणि त्यावर शेवटी उजळ पिवळा ठिपका ठेवता येतो. जलरंग पारदर्शक असतो. गडद रंगावर पिवळा लावला तर तो दिसतच नाही. मग मंडळी पांढरा पोस्टर कलर घेऊन ठिपके देतात. ते ठिपके खडूचे वाटतात, चमकत नाहीत. जलरंगात सगळ्यात जास्त उजेड असतो तो कोऱ्या कागदाचा. त्याहून उजळ काही आपल्याकडे नाही. म्हणून काजवा शेवटी घालता येत नाही, तो पहिल्यापासून राखावा लागतो.

याचं मोठं उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. एक स्त्री दिवा घेऊन उभी आहे, ज्योतीला हाताचा आडोसा केलाय आणि बोटांमधून उजेड पाझरतोय. मॉडेल म्हणून त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. हे चित्र तैलरंगातलं असावं असं पुष्कळांना वाटतं, पण ते जलरंगातलं आहे. तिथला उजेड आपल्याला जाणवतो तो भोवतीच्या शांत, थराथरानं वाढत गेलेल्या सावलीमुळे.

आता काजव्याकडे वळू. काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीनं त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि प्रकाश पडतो. या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसते. चित्रकारानं हे लक्षात ठेवायचं, कारण काजवा निखाऱ्यासारखा नारिंगी रंगवला की फसला. त्याचा रंग हिरवट पिवळा. लेमन यलो घ्या, त्यात सॅप ग्रीनचा अगदी थोडा अंश टाका.

दुसरी गोष्ट मोबाइलवरच्या फोटोंची. झाड हजारो ठिपक्यांनी भरलेलं दिसतं ना? असे बरेचसे फोटो कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून, पुष्कळदा अनेक फोटो एकावर एक चढवून केलेले असतात. डोळ्यांना एका क्षणी तसं दिसत नाही. काही काजवे पेटलेले असतात, काही विझत असतात आणि बरेचसे अंधारातच असतात. सगळे ठिपके सारखे काढले तर झाड लग्नाच्या मांडवासारखं दिसतं. म्हणून आम्ही तीन जाती करतो: थोडे लख्ख, त्याहून जास्त मंद आणि काही नुसती हिरवट पुसट छटा. लुकलुक याच फरकातून येते.

आता कृती. तीनशे जीएसएमचा सुती कागद घ्या. झाडाचा आकार पेन्सिलीनं हलका काढा. टूथपिकच्या टोकानं मास्किंग फ्लुइडचे ठिपके द्या, काही एकटे, काही घोळक्यानं. ते वाळले की तेवढा भाग स्वच्छ पाण्यानं ओला करा, ठिपक्यांभोवती पातळ लेमन यलो सोडा आणि त्याला पसरू द्या. बाहेरच्या कडेला सॅप ग्रीन टेकवा. पूर्ण वाळू द्या. मग अंधार: इंडिगोत बर्न्ट सिएना मिसळून दोन-तीन थर द्यायचे. पिवळ्या वलयाजवळ आलात की नुसत्या ओलसर ब्रशनं कड विरघळवून टाका. तयार काळा रंग वापरू नका, रात्र मेलेली दिसते. शेवटी मास्किंग काढा. लख्ख काजव्यांचा मध्य कोरा ठेवा, बाकीच्यांवर पातळ पिवळा फिरवा.

इथे आमच्या गावाची एक खास सूचना. जूनमध्ये आपल्याकडे हवा इतकी दमट असते, की कागद वाळलाय असं वाटतं, पण तो आतून ओला असतो. अशा वेळी मास्किंग ओढलं तर कागदाची सालच निघते. हेअर ड्रायरनं घाई केली तर मास्किंग कागदाला आणखी चिकटतं. रात्रभर थांबा, सकाळी काढा.

आता आमची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या एका वर्षी जागेवरच रंगवायचं ठरवून आम्ही एका उंबराखाली बसलो. रंगपेटी दिसेना म्हणून बॅटरी लावली. थोड्या वेळानं मान वर केली, तर आमच्या अंगाचं झाड अंधारात गेलेलं. पलीकडचं झाड मात्र चमकत होतं. उशिरा कळलं. काजव्यांची चमक हा नर-मादीचा संवाद आहे. नर खूण करतो, मादी उत्तर देते. बॅटरी, गाडीचे दिवे, फ्लॅश यांच्या झोतात ती खूण दिसेनाशी होते. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, ओल्या मातीत गोगलगाई खाऊन जातं. पंख फुटल्यावर जोडीदार शोधायला मोजकेच दिवस मिळतात. त्यातली एक रात्र आमच्या बॅटरीनं खाल्ली. जोड्या जमल्या नाहीत तर अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत तर पुढच्या वर्षी झाड रिकामं.

तेव्हापासून आम्ही तिथे रंग नेतच नाही. अर्धा तास गप्प बसायचं, डोळे अंधाराला सरावू द्यायचे. मग छोट्या वहीत न बघता पेन्सिलीनं खुणा करायच्या: घोळका कुठे, मोकळी जागा कुठे, झाडाची बाह्यरेषा केवढी. गाडी लांब लावायची, पायवाट सोडून गवतात शिरायचं नाही. रंगकाम घरी, सकाळी, आठवणीवर.

आणि खरं सांगायचं तर चित्रंही तेव्हापासूनच जमायला लागली. कागदावर ज्या ठिपक्याला आपण हात लावत नाही तोच चमकतो. उंबरावरही तसंच आहे.

या आठवड्याचा सराव: पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त सात काजवे. दोन लख्ख, तीन मंद, दोन विझत आलेले. बाकी सगळा अंधार. आणि तो अंधार मात्र अगदी सावकाश रंगवा.