रामन यांची तसबीर आणि कमलाबाईंची कडधान्ये

२८ फेब्रुवारी आली की मेहकर तालुक्यातल्या खेडोपाडीच्या शाळांतून विज्ञान दिन साजरा होतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या तसबिरीला हार पडतो. १९२८ साली याच दिवशी त्यांनी प्रकाशासंबंधीचा आपला शोध लावला आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हे मुले घडाघडा म्हणून दाखवितात. पाठोपाठ न्यूटनचे सफरचंद येते, आर्किमिडीजचे न्हाणीघर येते. टाळ्या होतात, गोळ्या-बिस्किटे वाटली जातात आणि विज्ञान पुढल्या वर्षापर्यंत कपाटात जाते.

या भाषणांतून मुलाच्या मनात काय उरते? शास्त्रज्ञ म्हणजे जन्मतःच अफाट बुद्धीचा माणूस. त्याच्या डोक्यावर फळ पडते आणि त्याला शोध लागतो. असा माणूस आपल्या घरात, आपल्या आळीत कोणी नाही, तेव्हा ते आपले काम नव्हे. दहावीचा निकाल लागला की हीच समजूत बोलू लागते. ‘सायन्स आपल्याला झेपायचे नाही,’ असे मुलगा म्हणतो. मुलीच्या बाबतीत तर तिने म्हणण्याआधीच घरचे म्हणून टाकतात.

म्हणून रामन यांच्याच चरित्रातली, भाषणांत सहसा न येणारी एक हकिकत सांगतो.

१९३३ साली कमला भागवत नावाची मराठी मुलगी मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिली आली. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. तिनेही तिथेच अर्ज केला. संस्थेचे संचालक होते रामन. मुलगी म्हणून त्यांनी तिला प्रवेश नाकारला. पोर गप्प बसली नाही. थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि कारण विचारले. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, रीतसर विद्यार्थिनी म्हणून नव्हे. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करायचे. आणि तिच्यामुळे संस्थेतले वातावरण बिघडता कामा नये! ही शेवटची अट वाचून आजही राग येतो. तिने मात्र मान खाली घालून काम केले. वर्षअखेर ते काम पाहून रामन यांचे समाधान झाले, तिला रीतसर प्रवेश मिळाला आणि पुढे इतर मुलींनाही त्या संस्थेची वाट मोकळी झाली.

काही शिक्षकांना वाटते, असे मुलांना सांगितले तर थोर माणसाचा अवमान होईल. मला तसे वाटत नाही. रामन यांचा शोध या हकिकतीने रतीभरही लहान होत नाही. उलट, नोबेल मिळविलेला माणूसही चुकू शकतो आणि पुढ्यातला पुरावा पाहून त्याला मत बदलावे लागते, हे मुलाला एकदा कळले की तो मास्तरांना प्रश्न विचारायला धजतो. तसबिरीला नमस्कार करून हे धाडस येत नाही.

आपल्या शेजारच्या लोणारचेच पाहा. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पारावर तर्कांना ऊत आला होता. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. तिथल्या शास्त्रज्ञांचा पहिला अंदाज एका लालसर शेवाळाचा होता. तपासणीत तो टिकला नाही, त्यांनी तो सोडून दिला. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग निघाला. हे काम कसे चालते ते लोणारच्या काठावर उभे राहून मुलांना सांगावे. सफरचंदापेक्षा ते लवकर पटेल.

कमलाबाईंचे पुढचे आयुष्य तर आपल्या चुलीजवळचेच आहे. बंगळूरला त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. केंब्रिजला बटाट्यावर काम करताना, पेशींच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम-सी हे द्रव्य वनस्पतींतही असते, असे त्यांनी दाखविले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळविली. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी शिकविले, पुढे तिच्या संचालक झाल्या. कुपोषित आदिवासींच्या आहारात नीरेचा उपयोग कसा होतो यावरही त्यांनी संशोधन केले. १९९८ साली त्या वारल्या.

मेहकरच्या शेतकऱ्याने लक्षात ठेवावे असे त्यांचे एक काम कडधान्यांवरचे आहे. पोटातील ट्रिप्सिन नावाचा रस प्रथिने पचवितो. काही कडधान्यांत या रसाला अडवून धरणारी द्रव्ये असतात. आपल्या देशातल्या धान्य-कडधान्यांतील अशा द्रव्यांचा शोध सोहोनीबाईंनी १९५० नंतरच्या दशकात घेतला. आज आपल्या शिवारात सोयाबीन उदंड आहे, आणि कच्च्या सोयाबीनमध्ये नेमकी हीच अडचण असते. उष्णतेने ती द्रव्ये निकामी होतात. म्हणून घरी वापरायचे सोयाबीन भिजवून, २०-२५ मिनिटे चांगले उकळून, मग वाळवून दळावे. कच्चे दळून कणकेत मिसळू नये.

हे शाळेत किंवा घरी पडताळून पाहता येते. कच्च्या सोयाबीनमध्ये युरियापासून अमोनिया तयार करणारे आणखी एक द्रव्य असते. तेही उकळल्याने निकामी होते. पशुखाद्याच्या कारखान्यांत सोयाबीन पुरेसे तापले की नाही हे यावरूनच पाहतात. झाकणाच्या दोन बाटल्या घ्या. एकीत कच्च्या सोयाबीनचे दोन चमचे पीठ, दुसरीत तेवढेच उकळून ठेचलेले सोयाबीन टाका. दोन्हींत चिमूटभर युरिया आणि अर्धा कप कोमट पाणी घालून हलवा व झाकण लावून तासभर ठेवा. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेली कागदाची पट्टी दोन्हींत बुडवून पाहा. कच्च्या सोयाबीनमध्ये ती तांबूस होईल, उकळलेल्यात पिवळीच राहील. झाकण उघडून जरा दुरूनच वास घेतला तरी फरक कळतो.

उकळण्याची वेळ पाच, दहा, पंधरा मिनिटे अशी बदलून, पट्टी कधी पिवळी राहू लागते ते मुलीलाच वहीत लिहू द्या. प्रयोग मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करावा, भांडी स्वयंपाकाची नसावीत. उरलेले मिश्रण उकिरड्यावर टाकू नका, खड्ड्यात पुरा. युरिया आणि कच्चे सोयाबीन गुरांच्या पोटात एकत्र गेले तर विषबाधा होते.